एक ते नऊ, ओळीने

नवा कॅल्क्युलेटर हाती आला की बोटं आपसूक १२३४५६७८९ दाबत सुटतात. साध्या आठ अंकी यंत्रावर नऊ उमटतच नाही, तो भाग वेगळा. पासवर्ड म्हणून तर ही संख्या पार बदनाम आहे. पण बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद दिसते तितकी बाळबोध नाही.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे नवाने भाग जाणारच. हे अंक कसेही फिरवा, बेरीज तीच; त्यामुळे त्यांच्या ३,६२,८८० मांडण्यांपैकी एकही मूळ संख्या नाही. नवाने भागल्यावर उरतात १,३७,१७,४२१, आणि खरी गंमत इथे आहे. हिचे अवयव काढायला २, ३, ५, ७ असं ओळीने भागत बसलात तर पाचशेच्या आसपास भागाकार होईपर्यंत हाती काही लागत नाही. फर्माची रीत घ्या: संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची, की त्या वर्गांच्या मुळांची वजाबाकी आणि बेरीज हेच अवयव. वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात. त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. पुढचा ३७०५. त्याचा वर्ग १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४, आणि हा चक्क ९८ चा वर्ग! म्हणजे अवयव ३७०५ वजा ९८ आणि ३७०५ अधिक ९८: ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. पण ही रीत दरवेळी अशी पावत नाही. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच. लांब असतील तर भागाकार परवडले.

दुप्पट केली तर २४६९१३५७८: तेच नऊ अंक, फक्त जागा बदललेल्या. ४, ५, ७, ८ ने गुणलं तरी तेच. तिनाने गुणलं की मात्र ३७०३७०३६७ येतं आणि घडी विस्कटते. आठपटीत ९ मिळवले की थेट ९८७६५४३२१. म्हणून सुलट्या-उलट्या जोडीचा मसावि युक्लिडच्या रीतीने, म्हणजे मोठीला लहानीने भागून बाकी पाहत, एका भागाकारात निघतो: ९.

वर्ग करायला एक्सेल घेतलात तर जपून. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंकी. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं आणि शेवटच्या २१ च्या जागी मुकाट्याने दोन शून्यं ठेवतं. नवाचा ताळा घेतला, म्हणजे अंकांची बेरीज नवाच्या पटीत येते का पाहिलं, की चोरी पकडली जाते: खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज ६३, एक्सेलच्या ६०. पण दोन अंकांची नुसती अदलाबदल झाली तर हाच ताळा आंधळा. तेरीज, म्हणजे खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळेना आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जातोय, असं दिसलं की मुरलेला हिशेबनीस आधी उलटे लिहिलेले आकडे शोधतो, ते यामुळेच.