साडेआठची गोळी

ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात रोज सकाळी साडेआठला मी पर्समधून एक गोळी काढते आणि घोटभर पाण्याबरोबर घेते. डब्यातल्या नेहमीच्या बायकांना कारण माहीत आहे: मला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार आहे. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो: "शेवटची फिट येऊन अठरा वर्षं झाली ना तुला? मग अजून गोळ्या कशाला?" मागच्या आठवड्यात हाच प्रश्न आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला, पण त्यांच्या आवाजात काळजी होती. त्यांच्या लेकीच्या गोळ्या दोन वर्षं चालू आहेत, वर्षभरात फिट आलेली नाही. ती तेवीस वर्षांची आहे. "आता स्थळं बघायची आहेत, त्याआधी बंद करून टाकाव्यात असं वाटतंय," काकू म्हणाल्या. जिन्यात उभ्या उभ्या मला नीट बोलता आलं नाही. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं सांगते.

फिट येत नाही, ती गोळी पोटात जाते म्हणून येत नाही. ताप उतरला की तापाची गोळी थांबते, तसं हे औषध नाही. ते आजार मुळातून काढत नाही, मेंदूतल्या विजेचा अचानक होणारा भडका दाबून धरतं. त्यासाठी रक्तात त्याचं प्रमाण सतत टिकून राहावं लागतं. मी घेते ती लेव्हेटिरॅसिटॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तात तिचं प्रमाण सहा ते आठ तासांत निम्म्यावर येतं. म्हणून सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठ.

तुमच्या लेकीच्या वयाची असताना मीही तेच केलं होतं, जे तुमच्या मनात आहे.

माझा आजार सकाळच्या झटक्यांनी सुरू झाला. उठल्यावर अर्ध्या तासात हाताला हिसका बसायचा आणि कप उडायचा. आई म्हणायची, लक्ष कुठे असतं तुझं. वर्षभर कुणाला काही कळलं नाही. मग २००१ मध्ये, बारावीच्या पेपरच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागले आणि सकाळी दात घासताना मोठी फिट आली. न्यूरॉलॉजिस्टनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" आई रडायलाच लागली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढून झाला आणि नाव कळलं, जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे वयात येताना सुरू होणारा, हातापायांना झटके देणारा अपस्मार. औषध लिहून दिलं व्हॅल्प्रोएट. झटकेही थांबले, फिटही थांबली.

पण केस गळायला लागले, वजन वाढलं. हे दोन्ही त्या औषधाने होऊ शकतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. मी सांगितलं नाही. एक नातेवाईक म्हणाल्या, "इतकी वर्षं गोळ्या खाऊन लिव्हरचं काय होईल?" आणि २००७ च्या एका रविवारी मी गोळ्या एकदम बंद केल्या. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनवर प्लॅटफॉर्मवर कोसळले. रुळांपासून दोन हातांवर. कुणा अनोळखी बाईने ओढून मागे घेतलं म्हणून हे लिहिते आहे.

शुद्धीवर आले तेव्हा मुठीत किल्ल्या होत्या, नाकाशी कुणाची तरी चप्पल, आणि पुढचा दात अर्धा तुटलेला. दातखीळ सोडवायला कुणीतरी चमचा घातला होता. माणसं मदतच करत होती, माझ्या मनात राग नाही. पण तोंडात काही म्हणजे काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळाकडे बघा. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. गोळ्या एकदम थांबवल्या की अशी न थांबणारी फिट येण्याची भीती असते आणि ती जिवावर बेतते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा औषध बदललं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गरोदर बाई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर बाळात जन्मजात व्यंग असण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. शिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येऊ शकतात. म्हणून दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं. त्यांनी सहा महिने घेऊन हळूहळू एक औषध उतरवलं, दुसरं चढवलं, फॉलिक ॲसिड सुरू केलं. माझी मुलगी आता सातवीत आहे. पण डॉक्टरांशी बोलण्याआधीच दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. फोन करायचा आणि त्याच आठवड्यात दाखवायचं. आईला मोठी फिट आली तर बाळालाही धोका असतो.

सासरी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचा उल्लेख होता, त्यावरून लग्न रद्द करून घेता यायचं. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. माणसांच्या मनातून काढायला मात्र वेळ लागतो. एका स्थळाने निरोपसुद्धा पाठवला नाही. माझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "गोळ्या कधी घ्यायच्या असतात?" पहिल्या मंगळागौरीला रात्रभर जागरण होतं. झोपमोड हे माझ्या फिटचं सगळ्यात मोठं कारण. दहा वाजले तशा त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिची झोपायची वेळ झाली." हरतालिकेच्या निर्जळी उपासाला त्यांनीच पाण्याचा पेला आणून दिला. अशी सासू तुमच्या लेकीला मिळो. पण त्यासाठी सासूला कळावं तर लागेल ना, काकू. लपवलेली गोळी बाथरूममध्ये घ्यावी लागते, आणि पाहुणे असले, प्रवास असला की ती चुकते. औषध चालू असतानाही फिट येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण चुकलेली गोळी हेच असतं.

माझीही चुकली आहे. २६ जुलै २००५ ला मी वाशीला ऑफिसात अडकले, गोळ्या घरी, आणि रात्रभर झोप नाही. सकाळी हात उडायला लागले तेव्हा भिंतीला टेकून बसून राहिले. तेव्हापासून पर्समध्ये तीन दिवसांच्या गोळ्या असतात. घरी सात दिवसांची खणांची डबी आहे. "घेतली का?" हा प्रश्न डोक्याला विचारायचा नाही, खण बघायचा. चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

स्ट्रिप दुकानातच वाचायची. एकदा एका मेडिकलवाल्याने मला ५००ऐवजी २५०ची दिली. रंग जवळजवळ तोच. पाचव्या दिवशी सकाळी चहा सांडला आणि माझ्या पोटात गोळा आला. नाव, कंपनी, मिलिग्रॅम, तारीख, आता सगळं बघते. 'तेच आहे, कंपनी वेगळी' असं कुणी म्हणालं तर आधी डॉक्टरांना विचारते. फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधात तर प्रमाणातला थोडासा फरकही अंगावर येतो.

दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी गेलं की पहिलं वाक्य हेच, "मला अपस्मार आहे, ही गोळी चालू आहे." लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास देतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिनने फिट येण्याची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानेही वाढते. तुमची लेक घेते त्यात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन असेल, तर त्याने गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात. हे लग्नाआधी तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि आई म्हणून तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी सांगेन. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन याच दोन गोळ्या माझ्या प्रकारच्या आजारात झटके वाढवू शकतात. म्हणून कुणाच्या गोळ्या कुणाला द्यायच्या नाहीत. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिन नव्याने सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आता तुमचा प्रश्न. गोळ्या कधीच बंद होत नाहीत, असं मी म्हणत नाही. लहान मुलांचे काही प्रकार वयात येताना आपोआप थांबतात. दोन वर्षं किंवा जास्त काळ फिट आली नाही तर डॉक्टर विचार करतात, ईईजी बघतात, आणि मग कित्येक आठवडे, महिने घेऊन पायरी पायरीने उतरवतात. माझ्या प्रकारात बंद केल्यावर बहुतेकांच्या फिट परत येतात, म्हणून माझी चालू आहे. तुमच्या लेकीचा प्रकार कुठला, हे तुम्हाला माहीत आहे का? फाईलवर लिहिलेलं असेल. तिच्या फिटला तर वर्षच झालंय.

शनिवारी दुपारी फाईल घेऊन दोघी वर या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण कागदावर काढू. आणि तिला सांगा, आज रात्रीची गोळी घे.