तिसरा खण

आमच्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या खणात चमचे असतात, दुसऱ्यात सुरी, सोलाणं, किसणी. तिसऱ्यात काय असतं ते मला नक्की सांगता येणार नाही. काय नसतं ते मात्र सांगते: ज्या वस्तूसाठी आपण तो उघडतो, ती.

परवा रबरबँड शोधत होते. हाती आलं ते असं. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या दोन चाव्या. वाढदिवसाची मेणबत्ती, आकडा चार, एकदाही न पेटवलेली (घरात चार वर्षांचं कोणी नाही, होण्याची शक्यताही नाही). बाटल्या गेल्या तरी मागे राहिलेली झाकणं. पावाच्या पिशव्यांच्या तोंडाला असतात त्या तारा, नीट सरळ करून ठेवलेल्या. जळून गेलेल्या काड्या, एका छोट्या डबीत. एकमेकांशी काहीही नातं नसलेली बटणं. आणि सेफ्टी पिनांचा एक गुच्छ, एका मोठ्या पिनेत बाकीच्या ओवलेल्या.

यातली प्रत्येक वस्तू एकाच वाक्यावर स्वार होऊन आत आली आहे: ‘असू दे, लागेल कधीतरी.’ भविष्यकाळाचं इतकं आशावादी रूप दुसरं नसेल. तारीख नाही, प्रसंग नाही, पण लागेल यावर श्रद्धा पूर्ण. हे वाक्य मी आईकडून घेतलं. तिच्या घरी असताना मी त्याला हसायचे. आता माझी लेक मला हसते.

सेफ्टी पिनांच्या बाबतीत मात्र ती श्रद्धा रास्त आहे. माझ्या मते घरात येणाऱ्या सगळ्या वस्तूंत सगळ्यात कमी गर्व असलेली वस्तू ती. तिचा जन्मही तसा काटकसरीतलाच. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकी माणसाला पंधरा डॉलरचं कर्ज फेडायचं होतं. हातात तारेचा तुकडा होता, तो वाकवता वाकवता त्यानं एका टोकाला वेटोळं दिलं आणि दुसऱ्या टोकाला टोपण. वेटोळ्यामुळे पिनेला स्प्रिंग मिळाली, टोपणामुळे टोचायचं थांबलं. १८४९ साली त्यानं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला सगळे हक्क विकून टाकले. त्याआधी शिलाई मशीनही बनवून त्यानं पेटंट न घेता सोडून दिलं होतं. असा माणूस घरात असता तर मी रोज भांडले असते. पण घाईच्या वेळी चेन अडकते, काज उसवतो, पिशवीचा बंद तुटतो आणि बाहेर कोणीतरी ‘झालं का?’ म्हणत असतं, तेव्हा मला त्याची आठवण येते.

आता मुख्य हकिकत. गेल्या वर्षी लेकीला शाळेतून प्रकल्प मिळाला: ‘टाकाऊतून टिकाऊ’. आम्हाला तो कळला रात्री साडेआठला, द्यायचा होता दुसऱ्या दिवशी सकाळी. ठरलं की पत्र्याच्या रिकाम्या डब्याचा पेन स्टँड करायचा. तिसऱ्या खणात सगळं होतं, रिकामा डबा तेवढा नव्हता. घरात एकच पत्र्याचा डबा होता आणि तो मक्याच्या दाण्यांनी भरलेला होता. त्यामुळे त्या रात्री जेवणात मका होता. खूप मका होता. टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी आधी टाकाऊ तयार करावं लागतं, हा धडा प्रकल्पाच्या कागदावर नव्हता.

मग नवरा डिंक आणायला बाहेर पडला. येताना डिंक, सोनेरी रंग, दोन ब्रश, चमकी आणि लेस घेऊन आला. ‘सोनेरी एकटा बरा दिसत नाही म्हणाला दुकानदार,’ असं त्याचं म्हणणं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आमच्या डायनिंग टेबलावर साडेदहा वाजता साक्षात मांडून ठेवली होती. त्या पैशात दोन पेन स्टँड आले असते, पेनांसकट.

पेन स्टँड झाला. तो जरा डावीकडे कलतो. रंग ओला असतानाच लेस लावल्यामुळे ती एका बाजूला सोनेरी आहे आणि दुसऱ्या बाजूला पांढरी. शाळेतून परत आल्यापासून तो माझ्या टेबलावर आहे आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. पाहुण्यांना मी तो आवर्जून दाखवते. पाहुणे ‘वा’ म्हणतात, पण ते ‘वा’ मला जरा तोकडं वाटतं.

यात माझा दोष नाही हे मला नंतर कळलं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिएली यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला दिले आणि मग त्यांची किंमत विचारली. नवशिक्यांनी आपल्या चुरगळलेल्या बेडकांना जवळजवळ तेवढीच किंमत लावली, जेवढी तरबेज माणसांनी केलेल्या कलाकृतींना. वर त्यांची समजूत अशी की बाकीच्यांनाही आपला बेडूक तितकाच आवडेल. बाकीच्यांना तो आवडत नव्हता. म्हणजे माझे पाहुणे अगदी शास्त्रशुद्ध वागत होते.

त्या रात्रीनंतर घरात एक नियम झाला: काटकसरीच्या वस्तूसाठी काहीही विकत आणायचं नाही. डिंकाच्या जागी खळ आली. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे गार पाणी, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं आणि मग मंद आचेवर ठेवायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. आपण ढवळत राहतो, लेक चार वेळा ‘झालं?’ विचारते, आणि मग एकदम ते पांढरं पाणी चमच्याला जड लागतं. मैद्यातल्या स्टार्चचे कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात तो हा क्षण. मला तो दर वेळी आवडतो. खळ दोन-तीन दिवसांत बिघडते, म्हणून थोडीच करायची. बरणी भरून करून ठेवली तर तीही तिसऱ्या खणात जाईल, आणि मग तिथे जे होईल ते कल्पनेवर सोडते.

या खळीच्या कृपेनं जुन्या वर्तमानपत्रांचे मुखवटे झाले, वाडगे झाले. पण खरी मजा चिकटवण्यात नव्हती, फाडण्यात निघाली. वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडायला घ्या. एका दिशेनं ती सुरीनं कापल्यासारखी सरळ येते. कागद फिरवून दुसऱ्या दिशेनं फाडा, काहीही करा, वाकडीच जाते. कागद बनताना लगदा यंत्रावरून ज्या दिशेनं धावतो, त्या दिशेला तंतू बऱ्यापैकी आडवे-उभे न राहता ओळीनं झोपतात, आणि फाटताना कागद त्या ओळीनं वाट काढतो. हे लेकीला सांगितल्यापासून घरात एकही वर्तमानपत्र दुपारपर्यंत अखंड राहिलेलं नाही. माझ्या सासऱ्यांना शब्दकोड्याच्या चौकटीतून सरळ रेघ गेलेली सापडते.

खाण्याच्या बाबतीत माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे: ‘दहा मिनिटांत होणाऱ्या’ पाककृती. त्यांच्या साहित्याच्या यादीत लिहिलेलं असतं, ‘कांदे दोन, बारीक चिरलेले’. म्हणजे कांदे आभाळातून चिरलेले पडले. लसूण सोललेली उगवली. पुढे कृतीत, ‘कांदा पाच मिनिटं तांबूस होईपर्यंत परता’. आजवर एकाही कांद्यानं पाच मिनिटांत मन लावून तांबूस व्हायचं मनावर घेतलेलं नाही. आधी त्याच्यातलं पाणी जायला हवं, मग रंग यायला हवा. मंद आचेवर, गोडसर होईपर्यंत, पाऊण तास सहज जातो. घाई केली तर कडेला काळा आणि मधे कच्चा. दहा मिनिटं ही मोजणी बहुधा भांडी घासायला दुसरं कोणी असलेल्या माणसानं केलेली असते.

याच्या उलट टोकाला माझी आई. तिला फोनवर पाककृती विचारावी आणि लिहून घ्यायला पेन उचलावं (डावीकडे कललेल्या स्टँडमधून).

‘पीठ किती?’

‘घाल अंदाजानं.’

‘अंदाज कितीचा?’

‘पुरेसं वाटेल इतका.’

‘आणि किती वेळ ठेवू?’

‘वास येईपर्यंत. अगं, कळतं ते.’

कळत नाही. वीस वर्षं जळाल्यावर कळायला लागतं.

मला खरोखर सोपी म्हणता येईल अशी एकच गोष्ट सापडली आहे, आणि तीही एका चुकीतून. केळी विसरून काळी पडली होती. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, म्हणून साल जितकी ठिपक्याठिपक्यांची, तितकं आतलं केळं गोड. टाकायला जीव होईना. एक केळं काट्यानं कुस्करलं, त्यात दोन अंडी फोडून फेटली, तव्यावर थोडं लोणी, मंद आच आणि तळहातापेक्षाही छोटे गोल. बस्स. पीठ नाही, साखर नाही. एकच पथ्य: मोठे घालायचे नाहीत. मोठे उलटताना मोडतात आणि मग त्याला ‘गोड बुर्जी’ म्हणून वाढावं लागतं. मी वाढलेली आहे. संपलीही.

अंड्यांवरून लेकीचा आवडता खेळ आठवला. खोलगट पातेल्यात पाणी घ्यायचं आणि अंडी सोडायची. ताजं अंडं तळाशी आडवं झोपतं. जुनं होत जाईल तसं कवचातून पाणी उडून जातं, आतली हवेची पोकळी वाढते आणि अंडं बसल्या जागी उभं राहू लागतं. फारच जुनं असेल तर तरंगतं. लेक याला ‘झोपलेलं, उठलेलं आणि ऑफिसला गेलेलं अंडं’ म्हणते. ऑफिसला गेलेलं आम्ही फोडत नाही. उठलेली असतात ती उकडायला घेते, कारण अगदी ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला घट्ट धरून बसतं आणि सोलताना अर्धं अंडं घेऊन जातं.

शिळ्या पावाबद्दल मात्र मी फार वर्षं चुकीची होते. वाटायचं, पाव वाळतो म्हणून कडक होतो, तेव्हा गच्च बांधून फ्रिजमध्ये टाकला की झालं. बूसिंगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की ओलावा अजिबात बाहेर जाऊ दिला नाही तरी पाव शिळा होतोच, आणि ६० अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना फुगून सैलावलेला स्टार्च थंड झाल्यावर परत आवळत जातो, त्यातून तो कडकपणा येतो, आणि फ्रिजच्या थंडाव्यात तर तो अधिकच लवकर येतो. म्हणजे इतकी वर्षं मी पाव जपून, प्रेमानं, झटपट शिळा करत होते. आता पाण्याचा हात फिरवते, झाकण ठेवून तव्यावर गरम करते आणि लगेच खायला बसवते, कारण गार झाला की तो पुन्हा आपल्या वळणावर जातो. ‘लगेच’ हा शब्द आमच्या घरात फक्त त्या पावामुळे पाळला जातो. एरवी हाका मारून घसा बसतो. शिळ्या पावाला चौघंही एका वेळी टेबलावर असतात, सासरे शब्दकोडं खाली ठेवून.

यातून वाचलं किती, असं नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. त्याला हिशेबाची आवड आहे. मी दोन केळी, अर्धा पाव, एक डबा असं मोजायला लागले आणि सोनेरी रंगापाशी येऊन थांबले. विषय बदलला.

गेल्या आठवड्यात त्याच्या पांढऱ्या शर्टाचं बटण तुटलं. वरून चौथं. तिसरा खण उघडला गेला आणि, मला खरंच आश्चर्य वाटलं, बटण मिळालं. पांढरं नव्हतं, अगदी फिकट निळं होतं, पण चार भोकांचं आणि नेमक्या मापाचं. लेक म्हणाली, मी लावते.

मी तिला आईनं मला शिकवलेली युक्ती दाखवली. बटण कापडाला अगदी चिकटवून शिवलं की काजात घालताना खालचं कापड गोळा होतं आणि ओढ बसून दोरा तुटतो. म्हणून बटण आणि कापड यांच्यामध्ये एक काडी ठेवायची. (डबीतल्या जळक्या काड्या! मी तिच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.) काडीवरून टाके घालायचे, मग काडी ओढून काढायची, बटण वर उचलायचं आणि खाली जो मोकळा दोरा राहतो त्याला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. बटणाला मान येते.

तिनं काडीचं जळकं टोक मोडून टाकलं. जीभ दातात धरून, प्रत्येक टाक्याला मोठ्यानं आकडा म्हणत तिनं बटण लावलं. सुई दोनदा बोटात गेली, एकदा माझ्या. मी मध्येच दूध बघायला उठले. परत आले तेव्हा गाठ मारून, दोरा कापून, शर्ट घडी करून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून नवरा कामावर गेला. संध्याकाळी परत आला, बूट काढले, पाणी प्यायला आणि मी समोरून पाहिलं तर निळ्या बटणाच्या दोन्ही बाजूंनी काडी डोकावत होती. आडवी, ऐटीत, टाक्यांखाली घट्ट अडकलेली.

‘अरे, दिवसभर असाच फिरलास? कोणी सांगितलं नाही?’

‘सकाळी लिफ्टच्या आरशातच दिसली होती मला,’ तो म्हणाला आणि लेकीच्या खोलीकडे वळला.