सिंकखालचा पाइप आणि त्याला जुळणारं फिटिंग : माझा अनुभव

सांगलीच्या आमच्या घरी सिंकचं पाणी भिंतीतून मागच्या अंगणातल्या गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीच्या कुंडीत, जातं. भिंतीबाहेरचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, तडकला होता. आत सिंकचा वळीचा पाइप भिंतीतल्या पाइपाच्या तोंडात नुसता खुपसून भोवती चिंधी कोंबली होती आणि वर पांढरं सिमेंट थापलं होतं. झुरळं तिथूनच वर यायची. आई म्हणाली, "भिंत न फोडता होत असेल तर कर बाई." भिंतीतला पाइप चांगला होता, तेव्हा त्यालाच जुळणारं सामान शोधायला निघाले.

दुकानात "दोन इंची" म्हटलं की ६३ मिमीचं फिटिंग हातात येतं. शेतीच्या पाइपलाइनमुळे आपल्याकडे ही बोली पक्की झाली आहे : ६३ म्हणजे दोन इंची, ७५ म्हणजे अडीच, ९० म्हणजे तीन, ११० म्हणजे चार. त्यातही ७५च्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या) पाइपाला कोणी अडीच इंची म्हणतं, कोणी तीन. मिमीचे हे सगळे आकडे पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचे. इंचावर भरवसा न ठेवता मिमी विचारावेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

कारण ६३चा एल्बो आमच्या पाइपावर डुगडुगत होता. दुकानदार म्हणाले, "ताई, सोल्युशन जरा जास्त लावा, बसतंय." मला ते पटलं नाही. हे सोल्युशन, म्हणजे सॉल्व्हंट सिमेंट, दोन्ही प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतं. मुळात पृष्ठभागच एकमेकांना भिडत नसतील, तर ते पोकळी भरून काढत नाही. कोरडं बसवताना पाइप सॉकेटमध्ये (फिटिंगच्या तोंडात) साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडायला हवा. हा तर सरळ तळाला टेकत होता.

मग शिवणाचा दोरा पाइपाभोवती घट्ट गुंडाळला, जिथे टोक भेटलं तिथे पेनाने खूण केली आणि फूटपट्टीवर सरळ करून मोजला. १९ सेंटीमीटर. ३.१४ने भागल्यावर ६०.५ मिमी. पाइप ६३चा असता तर दोरा १९.८ भरला असता. इतका फरक साध्या फूटपट्टीवरही स्वच्छ दिसतो. ओल्या फडक्याने पाइप पुसून बॅटरी तिरकी धरली, तेव्हा पुसट छपाईतलं 'शेड्यूल ४०' वाचता आलं. म्हणजे हा पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला वापरतात तो पांढरा यूपीव्हीसी पाइप. त्यात दोन इंचीचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो. त्याला त्याच जातीचं फिटिंग लागतं, ६३चं चालत नाही.

एक अडचण मात्र उरते. पाण्याच्या लाइनीचा ९० अंशाचा एल्बो एकदम काटकोनात वळतो, तर सांडपाण्याच्या बेंडला गोलाई असते. खरकटं आणि तेलकट पाणी जायचं म्हणून मी ४५ अंशाचे दोन एल्बो मधे छोटा तुकडा टाकून जोडले. त्यामुळे वळण सौम्य झालं. आधी सगळं कोरडं जुळवून पेन्सिलीने खुणा केल्या, कापलेल्या कडांची कुसळं पॉलिश पेपरने काढली, मग सोल्युशन लावून पाव फेरा देत दाबून धरलं. खालचं टोक गल्ली ट्रॅपच्या जाळीखाली, पण पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलं. तिथे पाइप मोकळाच सुटतो, त्यामुळे आणखी काही जुळवायची गरज पडली नाही.

आतल्या बाजूचं माप वेगळं. तिथे मधे भोक असलेलं रबरी बूच भिंतीतल्या पाइपाच्या आत बसतं, म्हणून आतला व्यास बघावा लागतो. शेड्यूल ४०च्या पाइपाचं प्लास्टिक जाड, त्यामुळे आत साधारण ५२ मिमीच मिळतात. सिंकच्या भोकाला दीड इंची कपलिंग (पाणी खाली सोडणारा जोड) होतं. त्याखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे तळाशी पाणी साठून राहणारा बाटलीसारखा भाग, लावला आणि त्याचा ४० मिमीचा पाइप बुचातून आत सोडला. चिंधी आणि सिमेंट खरवडून टाकलं. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद धरला. बॉटल ट्रॅपच्या वरच्या नटापाशी कागद ओला झाला. वॉशर तिरका बसला होता. तो सरळ करून नट हातानेच आवळला, पान्याची गरज लागली नाही.