१८१ अंशांचा त्रिकोण

सातारा, गुरुवार, रात्री साडेनऊ

काल मेढ्याहून येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर लक्षच नव्हतं. सहावीतल्या एका मुलीचा आवाज कानात घुमत होता, "बाई, माझं एकशे एक्याऐंशी येतंय की!"

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज चालली होती. जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपमध्ये त्रिकोण काढून शिरोबिंदू बोटाने ओढला की मापं तिथल्या तिथे बदलतात. एका टॅबवर चौघं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मापं वाचायची, तिसऱ्याने वहीत बेरीज करायची, चौथ्याने ती तपासायची. बाकीच्यांचं १८० आलं आणि हिचं ६१, ५८, ६२. मी स्वतः दोनदा बेरीज केली. तिचं बरोबर होतं.

पूर्वी मी "पुन्हा ओढून बघ" म्हणून पुढे गेले असते. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा पुस्तकातले क्यूआर कोड, दीक्षा या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवरचे व्हिडिओ पालकांच्या फोनवर पाठवायचे आणि पाठवलं म्हणजे शिकवलं असं मला मनापासून वाटायचं. शाळा उघडल्यावर वर्गात प्रोजेक्टर लावला तेव्हाही तेच. पोरं पडद्याकडे बघत गप्प बसायची, मला ती एकाग्रता वाटायची. कोनांचा सुंदर व्हिडिओ दाखवल्यावर एकाला फळ्याशी बोलावलं, तर त्याने कोनमापक उलटा धरला. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून यंत्र आधी पोरांच्या हातात द्यायचं, असं ठरवलं. जिओजेब्रा त्यासाठीच आवडलं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो.

काल मी वर्गाला सांगितलं, "मला आत्ता याचं उत्तर येत नाही. उद्या बघून सांगते." बोलताना जड गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य असं उघड कधी बोलले नव्हते. पोरांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. उलट मधल्या सुट्टीत चौघं टॅबभोवती बसून दुसरा १८१ शोधत होती.

रात्री जेवणं उरकल्यावर सेटिंग उघडलं. पोरांना सोपं जावं म्हणून दशांश स्थळं मीच शून्यावर ठेवली होती. म्हणजे ६०.६ चे ६१ दिसायचे, ५७.७ चे ५८, ६१.७ चे ६२. तिन्ही मापं वर सरकली आणि एक अंश जास्तीचा आला. खऱ्या मापांची बेरीज १८० च होती. मी सोपं करायला गेले आणि नेमकं गणितच झाकलं गेलं.

आज तिचा कालचाच त्रिकोण उघडला आणि सेटिंग तिलाच बदलायला लावलं. पडद्यावर ६०.६ दिसताच ती थांबली. वहीतल्या ६१ वर बोट ठेवलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग काही न बोलता नवी बेरीज मांडली. मी मधे बोलले नाही, आणि तेवढा वेळ गप्प राहणं मला अजूनही अवघडच जातं. १८० आल्यावर तिने वही माझ्यासमोर धरली.

नंतर सगळ्यांना कागदाचा त्रिकोण कापून, त्याचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी चिकटवायला लावले. सरळ रेघ तयार झाली. तो जुना प्रयोग मी सोडणार नाही, डिंकाने माखलेल्या बोटांना तो लक्षात राहतो.

घंटा व्हायच्या बेताला पलीकडच्या गटातून हाक आली. एक दशांश ठेवूनही त्यांचं १८०.१ आलं होतं. मी उठायच्या आत ती मुलगी त्यांच्या टॅबपाशी पोचली होती.

"बाई, अजून एक स्थळ वाढवू का?"