जुनी पद्मिनी गॅरेजात नेताना: आधी चाकं मोकळी करा

वाड्यात देवडीला लागून किंवा शेतातल्या पत्र्याखाली दहा-बारा वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीला काढायची म्हटलं की कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतं. बंपरला साखळी अडकवायची आणि ओढायची. हे अजिबात करू नका. एवढी वर्षं उभं राहून जे नुकसान झालं नाही, ते या पंधरा मिनिटांत होतं. पद्मिनीला काय आणि अँबेसेडरला काय, वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. खालून गंजलेल्या पत्र्याला झटका बसला की दारं चौकटीत बसेनाशी होतात, आणि ते सरळ करण्याचा खर्च इंजिनाच्या कामाला मागे टाकतो. चाक फिरत नसताना गाडी ओढायची नाही, एवढं एक पक्कं धरा.

खाली वाकण्याआधी लांब बांबूने गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या आत आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या बाजूला ठोकून घ्या. आपल्याकडे विंचू आणि फुरसं अशाच जागी बसतात. बॅटरी आधीच काढून ठेवा.

काळ्या रानात गाडी उभी असेल तर पावसाळ्यात तिच्या नादी लागू नये. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाक रिमपर्यंत रुततं. दिवाळीनंतर रान वाळलं की काम सोपं होतं. उन्हाळ्यात उलट अडचण असते, भेगांची. जॅकचा पाया भेगेच्या काठावर आला की भार पडताच जॅक तिरका होतो. म्हणून जॅकखाली दीड फूट लांब-रुंद आणि दोन इंच जाड बाभळीची फळी हवीच. जॅक मागे अ‍ॅक्सलच्या हाऊजिंगखाली लावा, पुढे क्रॉसमेंबरखाली, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी तुळईखाली. पत्र्याच्या फरशीखाली लावलात तर जॅक वर जाईल, गाडी जाग्यावरच राहील. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. घोडी, म्हणजे गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

आता चाकं. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. निघत नसतील तर रात्रभर डिझेलमध्ये भिजू द्या. चाक अडकण्याचं कारण बहुतेक वेळा ब्रेकच असतो. दोन्ही गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक. उभ्या गाडीत ड्रमला आतून गंज चढतो आणि लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारं ब्रेकचं अस्तर, त्याला चिकटतो. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागची चाकं हमखास धरतात. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा. मग ब्लीडिंग निपल (चाकामागचा, ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा उघडा. थोडं ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं तर दोष ड्रमचा नाही, रबरी होजचा आहे: होज आतून फुगलेला असतो, ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. तो बदलायच्या यादीत लिहून ठेवा.

तरीही धरलेलंच असेल तर अ‍ॅडजस्टर उलटा फिरवा, म्हणजे शू (लायनर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या) आत सरकतील. मग ड्रमच्या तोंडावर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने चारी बाजूंनी गोल फिरत ठोका. कान देऊन ठोका. चिकटलेला ड्रम मातीच्या भरल्या घागरीसारखा बद्द वाजतो. सुटला की आवाज मोकळा होतो, टणटणीत. कडेवर लोखंडी हातोडी मारू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो. ड्रम निघाला की आतली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेक सुटले तरी मागची चाकं गिअरमध्ये अडकू शकतात. स्टिअरिंगजवळच्या गिअर दांडीचे सांधे गंजून दांडी न्यूट्रलला आल्यासारखी वाटते, आत मात्र गिअर पडलेला असतो. इथे एक चूक सर्रास होते. मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवलं आणि दुसरं उलटं फिरलं की लोक न्यूट्रल समजतात. डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) ते गिअर पडलेला असतानाही तसंच फिरतं. एकच चाक उचला, ते फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याकडे, बघा. शाफ्ट सहज फिरला तर न्यूट्रल. नाही फिरला तर शाफ्टच्या मागच्या फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) दोन्ही भागांवर छिन्नीने जुळणीची खूण करा, मग बोल्ट काढा आणि शाफ्ट तारेने वर बांधून टाका. इंजिन जाम असलं तरी मग काही बिघडत नाही.

चाकांत हवा ३० पीएसआयपर्यंत भरा. भेगाळलेल्या टायरमध्ये भरताना बाजूला उभं राहा. हवा टिकत नसेल तर हलवण्यापुरते चार जुने टायर मागून आणावेत. पद्मिनीला १४ इंची रिम, अँबेसेडरला १५ इंची.

पद्मिनीचं वजन साधारण ९०० किलो. सिमेंटवर, चाकं मोकळी असताना, ती पंधरा-वीस किलोच्या जोराने चालते; दोन माणसं पुरतात. १० फुटांना १ फूट चढ आला की नुसत्या चढाचेच ९० किलो वाढतात. वाड्याचा दगडी उंबरा ६ इंच असेल तर फळीचा उतार किमान ५ फूट लांब ठेवा, आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. नाहीतर पुढची चाकं ओलांडून उतरली की सायलेन्सरचा पाइप दगडावर बसतो. जोर लावायचा तो टायरच्या माथ्यावर. तिथे लावलेला जोर दुप्पट कामाला येतो. डिकीचं झाकण आणि मडगार्डचा मधला पत्रा ढकलायला नाहीच. एक माणूस फक्त ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालेल, ठोकळा लांब दांड्याला बांधलेला. उतारावर मागून खांबाला वेढा दिलेला दोर सोडत न्या, कारण पेडल दाबलं तरी ब्रेक लागणार नाही. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

एखादं चाक काही केल्या सुटलं नाही तर बोअरच्या जुन्या पायपांचा उपयोग होतो, आणि ते आपल्याकडे गावोगाव पडलेले असतात. दोन इंची जीआय पाइपचे तीन-तीन फुटांचे पाच-सहा तुकडे करा, त्या चाकाखाली जाड फळी, फळीखाली पाइप. मागचा पाइप मोकळा झाला की पुढे आणून ठेवायचा. शहाबादीच्या सांध्यांवर कॅस्टरची लहान चाकं अडकतात, पाइप अडकत नाही.

गॅरेज दुसऱ्या गावी असेल तर फ्लॅटबेड ट्रकच बोलवा आणि पट्टे अ‍ॅक्सलला किंवा चाकांना बांधा. बोलेरो पिकअपचा हौदा पद्मिनीला पुरत नाही, गाडी जवळजवळ १३ फूट लांब आहे. ब्रेक लागत नसताना दोराने टोचन लावून रस्त्यावर नेणं जीवावर बेतू शकतं.

आत घेताना गाडी उलटी घ्या, इंजिन दाराकडे, उजेडात. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट आणि पुढे पाच फूट मोकळं ठेवा. इंजिन उचलायची चेन पुली माळवदाच्या तुळईला टांगू नका. ती आधीच मातीचं ओझं पेलतेय. पत्र्याच्या शेडच्या अँगललाही नाही. पायपांची तिवई उभी करा.

पेट्रोलची टाकी मात्र गाडी आत घेण्याआधीच, उघड्यावर, उतरवा. वेल्डिंग करायचं असेल तर रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण वाफ आतच राहते. ती धुऊन, काठोकाठ पाण्याने भरून, डागायच्या जागेपुरतंच पाणी कमी करून मगच वेल्डरच्या हातात द्या.