गुलाबीचं पथ्यपाणी

कोंबडी आजारी आहे हे कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, कारण ती कळूच देत नाही. कळपात जी मलूल दिसते तिला बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून दुखणं लपवायचं हे कोंबडीच्या रक्तातच आहे. आमची गुलाबी ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एकटीच राहते. तिला टोचायला कोणी नाही, तरी तिने जातीचा रिवाज सोडला नाही. समोर कोणी आलं की मान ताठ करून दाणे टिपायला लागायची. टिपायची आणि टाकून द्यायची. वाटीतली ज्वारी होती तेवढीच.

नाव गुलाबी असलं तरी ती पांढरीशुभ्र आहे. तलावपाळीवर एक माणूस टोपलीत रंगीत पिल्लं घेऊन बसला होता, त्यातलं गुलाबी माझ्या लेकीने हट्टाने घरी आणलं. ही पिल्लं सहसा जगत नाहीत. जगली तर बरेचदा कोंबडे निघतात, कारण अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीवाल्यांना नको असतात आणि तेच रंग फासून रस्त्यावर येतात. आमचं पिल्लू जगलं, वर कोंबडी निघालं. रंग पिसांबरोबर गळून गेला, नाव चिकटलं ते चिकटलंच.

पहिलं निदान सासूबाईंचं. "खुडूक झालीय. चार दिवस बसेल आणि उठेल." पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी कशी, अंग फुगवून बसते, जवळ हात नेला की गुरगुरते, बोट फोडते. ही फुगून बसली होती खरी, पण हात लावला तर डोळे मिटून घ्यायची. शेपटी खाली पडलेली, तुरा फिका. सासूबाईंनी पंखाखाली हात घातला आणि दचकून म्हणाल्या, "अगं, केवढी तापलीय!" कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या तापात आपल्याला ॲडमिट करतील, त्यात ती रोज अंडं घालते. हे सांगितलं तर, "तुला सगळंच ठाऊक, मग बरी कर की" म्हणून त्या आत निघून गेल्या.

जवळच्या एका दवाखान्यात फोन लावला.

"पेटचं नाव?"

"गुलाबी."

"ब्रीड?"

"कोंबडी."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मॅडम, डॉग का कॅट?"

खरा डॉक्टर भेटला तो चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या मासेवाल्या मावशींच्या रूपाने. बोंबील साफ करता करता त्यांनी सगळी लक्षणं ऐकून घेतली. "बाय, तिच्या गल्याखाली पिशवी आसते, तिथं हात लावून बघ. रातीला नको. सकाली, दाना टाकायच्या आधी." कारण सोपं आहे. खाल्लेलं आधी त्या पिशवीत साठतं आणि भिजत भिजत खाली उतरतं. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेलीच असेल तर वाट बंद.

सकाळी पिसं बाजूला सारून चाचपलं. छातीच्या वर, तिच्या उजव्या अंगाला, मोठ्या लिंबाएवढा गोळा हाताला लागला. वरून लिबलिबीत, आत मात्र काहीतरी चिवट, दोऱ्यादोऱ्यांचं. चोचीला आंबूस वास. लेकीने बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. मातीवर पसरलेला नारळाचा काथ्या जागोजागी उपसलेला होता.

गंमत म्हणजे कोंबडीचं पोट आम्हाला अनोळखी नव्हतंच. दर रविवारी दुकानात आपण कलेजी-पेटा मागून घेतो. त्यातला पेटा म्हणजे तिची चक्की. तोंडात दात नाहीत, म्हणून गिळलेल्या बारीक खड्यांच्या जोरावर ती तिथे दाणे दळते. इतकी वर्षं तो शिजवला, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता कधी बघितला नव्हता. आता रोज सकाळी त्याच रस्त्यावर बोटं ठेवून बसायची वेळ आली. त्या रविवारी चिकन झालं का? झालं. फक्त बाल्कनीचं दार लावून घेतलं.

दाणा बंद केला. ड्रॉपरने कोमट पाणी, त्यात तेलाचे थेंब. हे वाटतं तितकं सोपं नाही. जिभेच्या मुळाशीच तिच्या श्वासनळीचं तोंड असतं, घाईने पिचकारी मारली तर पाणी थेट छातीत. चोचीच्या कडेला एक थेंब सोडायचा, तिने मान वर करून गिळला की दुसरा. रात्री हे काम बरं पडतं, कारण अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही आणि ती निमूट बसते. पाण्यानंतर गळ्याखाली हलक्या बोटांनी चोळायचं. ते नवऱ्याकडे दिलं. एरवी मॅच बघताना ह्या माणसाचा हात कशाला लागत नाही. आता टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी मांडीवर घेऊन तो चोळत बसायचा आणि विकेट पडली की गुलाबी सकट दचकायचा.

पावसाळी गारठ्यात तिला ऊब हवी होती. पूर्वी खोक्यावर शंभराचा पिवळा बल्ब टांगला की भागायचं. आता घरभर एलईडी, उजेड लख्ख आणि ऊब शून्य. शेवटी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. शिवाय शीट बघणं आलंच. हिरवी का, पातळ का, वर पांढरं आहे का, ह्याच्या चर्चा आमच्याकडे चहाच्या वेळी व्हायला लागल्या. पाहुणे कमी झाले.

सोसायटीत बातमी पसरलीच. एका काकांना २०२२चा फेब्रुवारी आठवला, आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू निघाला होता आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्यांची शंका रास्त होती. त्यांना गुलाबी लांबून दाखवली, तुरा निळा नाही, शिंका नाहीत, डोकं सुजलेलं नाही. समोरच्या बिऱ्हाडाची काळजी वेगळी. आषाढ संपत आला होता. "गटारीपर्यंत टिकेल ना हो?" असं त्यांनी लेकीसमोर विचारलं. तेव्हापासून लेक त्यांच्याशी बोलत नाही.

गोळा मऊ पडला, लहान झाला, पण पूर्ण उतरेना. मग परळचं बैलघोडा हॉस्पिटल. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवाल्याला कळत नाही. पिशवीतून मान बाहेर काढून गुलाबीने मुलुंडपासून सायनपर्यंत मुंबई बघितली. मीटर बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." येतो म्हणून हट्ट त्यांनीच धरला होता. डॉक्टरांनी तपासलं, बुरशीचं औषध दिलं, आणि बजावलं की उलटी धरून ओकवायला जाऊ नका, कोंबडी गुदमरून जाते. काथ्या काढून टाका, कुंडीत बारीक खडी पसरा, ती खाल्ली तर खाऊ द्या. आणि औषध चालू असताना, नंतरही काही दिवस, हिची अंडी कोणी खायची नाहीत.

श्रावण लागला तेव्हा गुलाबी नवऱ्याच्या चपलेला टोचे मारत होती. सकाळी गळ्याखाली हात घातला तर रिकामं, पिसं आणि कातडी तेवढी. आणि मग एका दुपारी बाल्कनीत ओरडून ओरडून तिने सगळी बिल्डिंग उठवली. खोक्यात अंडं, कवच जरा खरबरीत, पण अख्खं. सासूबाईंनी ते पदराने पुसून उजेडात धरलं.

"फेकायचं म्हणतात डॉक्टर?"

"हो. आणि तुमचा तर श्रावण आहे ना?"

"आहे ना. मी कुठे खातेय? पण एवढ्या टॅक्सीभाड्याचं अंडं, निदान फ्रिजमध्ये तरी राहू दे."