तुराट्यांचा कोठा, रोडग्यांची पंगत: मिशन शाळेतला नाताळ

कपाशीची वेचणी भरात आली, तूर शेंगांवर आली, पहाटेच्या दवानं धुऱ्यावरचं गवत ओलं राहायला लागलं, की विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या मिशन शाळांमध्ये नाताळाचे वेध लागतात. तालुक्याच्या बाजारातून प्लास्टिकचं झाड, दिव्यांच्या माळा आणि बेकरीचा केक आणून हा सण दोन दिवसांत उरकताही येतो. पण वावरात जे पिकतं आणि गावच्या हातांना जे येतं त्यातून उभा केलेला नाताळ मुलांच्या जास्त जवळचा होतो, असं मला मनापासून वाटतं. कॅथलिक शाळेत नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून इथे सगळं मापासकट लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. शाळा चर्चची असली तरी वर्गात बसलेली बहुतेक मुलं हिंदू, बौद्ध, गोंड, कोरकू, मुसलमान घरांतली असतात. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कुणालाही त्याच्या, आणि तो सज्ञान नसेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून दिवसाचे दोन भाग करावेत आणि ते वेगवेगळ्या जागी ठेवावेत. सकाळी आठला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, कॅथलिक मुलांसाठी आणि स्वतःहून येणाऱ्यांसाठी. दहानंतर मैदानावर सगळ्या शाळेचा कार्यक्रम. दोन्ही एकाच मांडवात सलग घेतले की गोंधळ होतो. कधी उभं राहायचं ते मुलांना कळत नाही, आणि ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या, वेळी रांग लागली की सगळीच मुलं त्यात शिरतात. ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांसाठी असतो. इतरांनी जागेवर बसावं किंवा छातीवर हातांची फुली करून पुढे यावं, फादर आशीर्वाद देतात. हे आदल्या दिवशीच्या परिपाठात सांगायचं. ऐनवेळी रांगेतून मूल बाजूला काढलं तर चारचौघांत त्याची मान खाली जाते, आणि सणाच्या दिवशी ते होता कामा नये.

आगमनकाळ म्हणजे २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार. हिरव्या पाल्याच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती लावतात, गुलाबी तिसऱ्या रविवारची. रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी प्रार्थनागृहात पेटवायची. कडुनिंबाचा पाला दोन दिवसांत माना टाकतो, अशोकाची पानं आठवडा काढतात. चंद्रपूर-बल्लारपूरकडे चांदा धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या कॅथलिक, परंपरेचा आहे. त्या परंपरेत १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास असतो, मांस-मासे टाळतात. नागपूर (१८८७) आणि अमरावती (१९५५) हे धर्मप्रांत लॅटिन, म्हणजे रोमच्या, परंपरेचे. आपल्या शाळेत कोणत्या परंपरेचे फादर मिस्सा अर्पण करणार ते आधी विचारून घ्यावं, कारण गीतांचा क्रम आणि प्रार्थनांची उत्तरं बदलतात.

नाताळाआधीच्या पापनिवेदनाचा (मुलं एकेकटी फादरांपाशी चुका कबूल करतात त्याचा) हिशेब बहुतेक वेळा चुकतो. एका मुलाला चार मिनिटं धरली तरी ४० मुलांना अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. फादर एकटे असतील तर दोन दिवस ठेवावेत, नाहीतर शेवटच्या दहा जणांची नुसती घाई होते.

आता कोठा. येशूचा जन्म गोठ्यात झाला असं आपण म्हणतो; लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसनं गव्हाण, वाळलं गवत, खरा बैल आणि गाढव आणून हा देखावा उभा केला होता. आपल्याकडे हे सगळं दाराशी असताना थर्माकोल कशाला हवा? शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल कोठा शाळेला पुरतो. चार बांबू लागतात: पुढचे दोन साडेपाच फुटी, मागचे दोन साडेचार फुटी. प्रत्येकाचा एक फूट जमिनीत गाडायचा, म्हणजे छताला मागे फूटभर उतार मिळतो. तीन बाजूंना तुराट्यांचा कूड. या वर्षीची तूर अजून वावरात उभी असते, म्हणून तुराट्या गेल्या हंगामातल्या घ्याव्या लागतात. त्या इतक्या वाळलेल्या असतात की वाकवताना कडाकड मोडतात. आदल्या रात्री पाणी शिंपडून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवल्या की सकाळी विणता येतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या या कामाला घेऊ नयेत. त्या जाड, फाटे फुटलेल्या असतात आणि मुलांचे हात खरचटतात. कुडाला आतून लेप द्यायचा: तीन घमेली माती, एक घमेलं शेण, एक घमेलं बारीक कुटार (भुसा). कुटार कमी पडलं की लेपाला भेगा जातात. थंडीत तो सुकायला चार-पाच दिवस घेतो. शेकोटीजवळ घाईनं सुकवला तरी भेगा पडतात, म्हणून काम १० तारखेच्या आत सुरू करावं. छताला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची तणीस, पश्चिमेकडे कडबा किंवा गवत. थर चार बोटं जाड हवा आणि पेंढ्या खालून वर रचत जाव्यात, नाहीतर दव आत टपकतं. रात्री गावातली जनावरं येऊन छत खाऊन जातात, ते नेहमीचंच. पहिल्या दिवसापासून कोठ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करावं.

कोठ्यापुढच्या हिरवळीसाठी घटात पेरतो तसा गहू. पावभर गहू रात्रभर भिजवून एक दिवस ओल्या फडक्यात बांधायचा, मोड आले की परातीत दोन बोटं मातीवर पसरून वर पातळ थर द्यायचा. नवरात्रात नऊ दिवसांत जेवढं रोप होतं तेवढ्याला डिसेंबरात बारा-तेरा दिवस लागतात. खोलीत ठेवलं तर पिवळं पडतं, पाणी जास्त झालं तर बुरशी धरते. दुपारच्या उन्हात ठेवावं आणि पाणी शिंपडावं, ओतू नये.

बर्फ म्हणून कापूस पसरण्याची पद्धत मला पटत नाही. दिव्यांच्या माळेशेजारी सुटा कापूस एका ठिणगीनं पेटतो. आणि जे पीक वेचताना मुलांच्या आयांची बोटं सोलवटतात, ते बर्फ म्हणून जमिनीवर टाकायचं नाही. फुटलेल्या बोंडांची माळ करून कोठ्याच्या कपाळपट्टीला बांधावी, ती फार देखणी दिसते. मूर्ती चर्चमधल्या असतील तर उत्तम. बैल मात्र मुलांनी मातीचा करावा. काही मुलं तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणतो म्हणतात. तो घरी पूजेतला असतो, म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बैल आणि गाढव खरं तर शुभवर्तमानात नाहीत, ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथातल्या पहिल्या अध्यायावरून आले. बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांची संख्याही मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितलेली नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन धरली गेली. त्यांना कोठ्यापासून लांब, वऱ्हांड्याच्या टोकाला उभं करावं आणि रोज हातभर पुढे सरकवावं. ज्ञानी लोकांच्या या भेटीचा, म्हणजे प्रकटीकरणाचा, सण भारतात २ ते ८ जानेवारीच्या दरम्यानच्या रविवारी येतो, तोवर ते पोचतात.

गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेवायची. शाळेचा कार्यक्रम २२-२३ तारखेला होतो तेव्हा बाळ ठेवून मोकळं होण्याचा मोह पडतो. माझं मत विरुद्ध आहे. रिकाम्या गव्हाणीकडे बघून मुलं विचारतात, आणि वाट पाहणं म्हणजे काय ते तिथेच सांगता येतं.

चांदणी करायला आकाशकंदिलाचा हात असलेली मुलं हवीत. बुरडाकडून अर्धा इंच रुंदीच्या, ३६ इंच लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाचांची एक चांदणी, अशा दोन. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर खूण करा, दुसऱ्या कामट्या तिथेच ओलांडल्या पाहिजेत. खुणा न करता बांधलं की एक टोक जाडं आणि एक बारीक होतं, मग कागद बसत नाही. कामट्या एक वर, एक खाली अशा गुंफून सुतळीनं आवळा. दोन्ही चांदण्यांची पाच टोकं एकमेकांना बांधा आणि आतल्या पाच फुल्यांवर सात-सात इंचांच्या काड्या उभ्या ठोका, म्हणजे पोट फुगतं. पतंगी कागदाचे चार-पाच ताव पुरतात. मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, म्हणून खळ शिक्षकांनीच करावी. आत ९ वॅटचा एलईडी बल्ब लावावा, जुना ६० वॅटचा पिवळा दिवा कागद करपवतो. दवानं खळ सुटते, त्यामुळे चांदणी उघड्यावर न लावता वऱ्हांड्याच्या वळचणीला टांगावी.

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी सगळ्या शाळेनं खराटे घेऊन मैदान झाडावं आणि सडा टाकावा, दोन दिवसांत जमीन बसते. नाताळगीतांना ढोलकी, टाळ आणि खंजिरी पुरे. तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी वाजवणारं पोर प्रत्येक वर्गात सापडतं. नाटिका पंधरा मिनिटांची ठेवावी. मेंढपाळांना शिवलेले झगे नकोत. घोंगडी आणि काठी दिली की प्रेक्षकांतल्या आजीलाही कळतं की हे धनगर आहेत.

कार्यक्रमाची वेळ एस.टी.च्या वेळेवर ठरते. मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सुटणाऱ्या निळ्या बस शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. वेळ बदलणार असेल तर आगाराला आधी लेखी कळवावं. नाताळची सुट्टी थोडी वाढवायची असेल तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतून दिवस कमी करून शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ देता येत नाहीत. तो अर्ज डिसेंबरात करून उपयोग नाही, वर्षाच्या सुरुवातीलाच करावा.

आणि पंगत. पंगतीआधीच्या चार शुक्रवारी प्रत्येक मुलानं घरून मूठभर धान्य आणायचं. तीनशे मुलं आणि मुठीला ४५ ग्रॅम धरले तर चार शुक्रवारांत ५४ किलो होतात. गहू, तांदूळ आणि डाळ यांचे डबे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, एकत्र झालेलं निवडता निवडत नाही. दर शनिवारी ऊन द्या. ज्याच्या घरी नाही त्यानं रिकामी मूठ डब्यावर धरली तरी चालेल, म्हणून डब्याचं तोंड अरुंद हवं आणि जवळ वही घेऊन कुणी बसायला नको.

त्यातून रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्यांना चालणारं शाकाहारी जेवण, आणि डिसेंबरात वांगी भरपूर. शंभर जणांना जाडसर कणीक १५ किलो, मोहनाला तेल दीड किलो, ओवा १०० ग्रॅम, मीठ १८० ग्रॅम. वांगी १५ किलो, तूरडाळ ५ किलो. कणीक घट्ट मळायची. तीन लहान पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि चौथीत गुंडाळून मोसंबीएवढा गोळा करायचा. माणशी दोन गोवऱ्या धरा. गोवऱ्या पेटल्या की थांबायचं, ज्वाळ पूर्ण जाऊ द्यायची. ज्वाळेत टाकलेला रोडगा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. निखाऱ्यावर पाऊण ते एक तास, तीन-चार वेळा फिरवत. फडक्यात घेऊन दाबल्यावर तडकला की झाला. स्वयंपाकाला गावातल्या प्रत्येक वस्तीतले पालक हवेत, वाढायलाही. एकाच वस्तीतल्या बायका चुलीपाशी आणि दुसऱ्या वस्तीतल्या भांड्यांपाशी, अशी वाटणी आपोआप होऊ लागते. ती मुख्याध्यापकांनी यादी करतानाच मोडावी.

२४ च्या रात्रीच्या मिस्सेला दूरच्या पाड्यांवरून बैलगाडीनं, टेम्पोनं लोक येतात. बाराच्या ठोक्याची सक्ती नाही, रात्री आठला घेतली तर लेकुरवाळ्यांना परतता येतं. सतरंज्यांखाली तणीस पसरा, जमीन गार लागत नाही. गीतांच्या वह्यांसाठी एक चार्जिंगचा दिवा तयार ठेवा, वीज जातेच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की कोठा उतरवायचा. तणीस गाईंना, माती शाळेच्या वाफ्यात, मोडक्या तुराट्या चुलीत. तोवर नवी तूर कापून झालेली असते. तिच्या सरळ तुराट्यांच्या दोन पेंढ्या बांधून आडोशाला, वाळवीपासून जपून, विटांवर ठेवाव्यात. पुढच्या डिसेंबरात त्याच लागणार आहेत.